भिंतीपलीकडे टपालाने

६ सप्टेंबर

चि. धाकट्या,

अनेक आशीर्वाद. घे किंवा नको घेऊस, वर लिहायची पद्धत आहे. मी बरी आहे. तूही बरा असशील. सकाळी तू कारखान्यातला बिअरचा हंडा घासतोस तेव्हा तुझा खोकला ऐकू येतो, तो या आठवड्यात जरा कमी वाटतो.

पोस्टमन आज मला हसला. म्हणाला, "बाई, तुमची भिंत नि त्यांची भिंत एकच. तिकीट कशाला चिकटवता? द्या इकडे, मी शेजारच्या पेटीत टाकून पुढे जातो." मी म्हटलं, "तुम्ही तुमचं काम करा." पत्र टपालकचेरीत जाणार, शिक्का खाणार आणि फिरून याच गल्लीत येणार, हे मलाही कळतं. पण जिन्यावरचं दार तू विटांनी बुजवलंस त्या दिवशी मी सगळ्यांदेखत म्हटलं होतं, यापुढे तुला काही सांगायचं झालं तर टपालाने सांगेन. बोलले ते बोलले. तू उत्तर पाठवत नाहीस, तो तुझा स्वभाव. लहानपणीही हाक मारली की तू 'ओ' द्यायचा नाहीस, सरळ येऊन उभा राहायचास.

कामाचं लिहिते. जिन्याच्या वरच्या वळणावरची भिंत पुन्हा ओली झाली आहे. फुगवटे आलेत, हात टेकला तरी पोपडा निघतो. वरून पाणी मुरतंय म्हणू नकोस. गेल्या वर्षी मी सगळं छप्पर नवं करून घेतलं, पत्रे बदलले, निकामी धुरांडी झाकून घेतली, एक थेंब आत येत नाही. म्हणजे हे तुझ्याच बाजूचं आहे. तुझी वाफ माझ्या भिंतीत शिरते. मागेही लिहिलं होतं, पण पालथ्या घड्यावर पाणी.

हे मुख्य नव्हे. मुख्य ते लिहायला पेन उचलत नव्हतं.

काल भाजीच्या दुकानात वहिनी भेटल्या. तिथे आम्ही नणंद-भावजय बोलतो. विषय भाजीचाच ठेवतो, म्हणून भांडण होत नाही. मी एक कोबीचा गड्डा उचलून पाहत होते, तर त्या म्हणाल्या, "ताई, कोबी नका दाखवू मला," आणि डोळ्याला पदर लावला. मग दुकानदाराच्या देखत सगळं बाहेर आलं. वर्षभर तुझी बिअर बिघडते आहे म्हणे. उकडलेल्या कोबीचा वास येतो. खानावळीवाले पिंपंच्या पिंपं परत पाठवतात. तू सातूचा व्यापारी बदललास, यीस्ट दुसरं आणलंस, विहीर उपसून घेतलीस, आणि वास काही जात नाही. आणि आता तू कारखाना विकायला काढला आहेस. घेणारा तो पाडून मोटारी उभ्या करायची जागा करणार.

तरीच परवा कमानीवर पाटी लागलेली दिसली. मला वाटलं होतं, रंगवाल्याची असेल.

मी कोबी खाली ठेवला आणि बटाटे घेतले.

कारखाना तुझा. बाबांनी तुला दिला, मी मध्ये बोलणारी कोण? पण भाजीच्या दुकानात कळावं, एवढी मी परकी झाले का, इतकंच विचारते. उत्तर नाही दिलंस तरी चालेल, सवय आहे.

उद्या तुझी भट्टी आहे. नेहमीसारखे नळावर दोन ठोके दे, मी वर आहेच. झडपेची साखळी हल्ली फार जड लागते, खांद्याला रात्री मलम चोळावं लागतं. पण ओढीन.

तुझी,
ताई


१३ सप्टेंबर

चि. धाकट्या,

आशीर्वाद. मागच्या पत्राला उत्तर आलं नाही, म्हणजे ते पोचलं.

या आठवड्यात माझ्याकडे पाहुणी आहे. जुन्या इमारतींच्या कचेरीतून एक बाई येते. पाडण्याआधी इमारतीची मोजमापं घेऊन चित्र काढून ठेवावं लागतं म्हणे, माणूस जायच्या आधी फोटो काढतात तसं. तुझ्याकडेही येऊन गेली असेल. माझ्या लेकीच्या वयाची आहे, कानावर पेन्सिल आणि गळ्यात फीत. मी तिला मोजणीवाली म्हणते, तिला ते आवडलं. भिंतीपाशी उभी राहते, बोटाच्या पेरांनी विटा वाजवते आणि कान लावते. भिंतीला कान असतात हे ऐकलं होतं. भिंतीला कान लावणारं माणूस पहिल्यांदाच पाहिलं.

पहिल्या दिवशी तिने मला रस्त्यावर उभं केलं आणि माझंच घर मला दाखवलं. धाकट्या, आपण दोघं इथे जन्मलो, इथे पडलो-झडलो, आणि काही पाहिलं नव्हतं. माझ्या खिडक्यांच्या खालून काळ्या विटांची एक ओळ जाते ना, जास्त भाजलेल्या विटांची? ती ओळ घराशी थांबत नाही. सरळ पुढे जाते, तुझ्या कमानीवरून वळसा घेते आणि कारखान्याच्या पार टोकापर्यंत पोचते. मधे कुठे सांधा नाही. ती म्हणाली, "घर आधी बांधून मागून कारखाना जोडला असता, किंवा उलट असतं, तर इथे रेघ तुटली असती. हे सगळं एका दमात बांधलंय. एकच इमारत आहे ही, अर्धी तीन मजली आणि अर्धी दोन मजली."

मी तिला बाबांचं वाक्य सांगितलं. पणजोबांनी आधी हंडा बसवला, मग हंड्याभोवती भिंती उभ्या केल्या, आणि मग त्यातल्या एका भिंतीला पाठ लावून स्वतःची खाट टाकली. ती खाट म्हणजे हे घर. ती इतकी हसली की फीत हातातून सुटली.

मग तळघर. तिथे तिने वर बोट दाखवलं. आपली मधली भिंत जमिनीपर्यंत गेलीच नाही, हे तुला ठाऊक होतं? ती एका मोठ्या कमानीवर उभी आहे आणि कमानीखाली तुझं-माझं तळघर एकच. तू मधे लोखंडी जाळी लावलीस आणि मी जाळीला पडदा लावला, म्हणून ती कमान कोणाला दिसली नाही. वरच्या मजल्यांवर तुझ्या तुळया आणि माझ्या तुळया त्याच भिंतीत, समोरासमोर टेकल्या आहेत. कारखाना पाडला तर पलीकडून टेका जाईल, आणि माझ्या घराला लोखंडी खांब लावून उभं करावं लागेल. घर फिरलं की घराचे वासे फिरतात म्हणतात. आपल्याकडे वासे बिचारे जागेवर आहेत, माणसंच फिरली.

शेवटी ती जिन्याच्या वळणावर आली. बुजवलेलं दार बघून म्हणाली, "या विटा नव्या आहेत. कोणी बंद केलं?"

"भावाने."

"का बरं?"

मी सांगितलं की तपासणीवाले आले होते. खाण्यापिण्याची वस्तू जिथे करतात तिथून घरात उघडणारं दार चालत नाही म्हणाले.

"बरोबरच आहे," ती म्हणाली.

इतक्या वर्षांत तू बरोबर होतास असं माझ्या तोंडावर म्हणणारी ती पहिली. मला राग आला. तिच्या चहात साखर कमी टाकली. मग ती म्हणाली, "मग भांडण कशावरून?" मी म्हटलं, "मी दातांच्या डॉक्टरकडे गेले होते. परत आले तर गवंडी थापी धूत होता. मला विचारलं नाही." तिने मान हलवली आणि चहा तसाच पिऊन टाकला. शहाणी आहे पोरगी.

मग तिची नजर साखळीवर गेली. तिला सगळं सांगावं लागलं. घर एका मजल्याने उंच म्हणून पणजोबांनी हंड्याच्या वाफेचं धुरांडं या भिंतीच्या पोटातून वर नेलं आणि माझ्या छपरावर काढलं. धुरांडं जितकं उंच तितकी ओढ चांगली. वरच्या टोकाला झडप आहे, घरात सगळे तिला नाक म्हणतात. नाकाची साखळी जिन्यात उतरते, म्हणून ती घरातल्याच माणसाने ओढायची. खालून भट्टीवाला नळावर दोन ठोके देतो, की उघड. एक ठोका, की बंद कर.

"आणि तीन?" तिने विचारलं.

"तीन आता कोणी देत नाही."

"आणि ही साखळी अजून ओढतं कोण?"

"मीच."

"भाऊ बोलत नाही म्हणालात ना?"

"बोलत नाही. ठोकतो."

तिने कानावरची पेन्सिल काढली. मग चित्रात साखळी काढली, कडी कडी.

खोकल्याकडे लक्ष दे.

तुझी,
ताई


१५ सप्टेंबर

धाकट्या,

आज आशीर्वाद शेवटी. आधी हे वाच, उभ्याने वाचू नकोस, बस.

मोजणीवाली सकाळी छपरावर गेली होती. वरून ओरडली, "साखळी ओढा हो." मी ओढली. "पुन्हा ओढा." मी म्हटलं, "ओढतेच आहे, आता हात गळून पडेल." ती खाली आली ती कपाळाला काजळी लावून. म्हणाली, "ताई, नाकावर पत्र्याची पेटी ठोकलेली आहे. चारही बाजूंनी, खिळे मारून, अगदी नीट."

छपरवाल्यांनी ठोकली आहे. गेल्या वर्षी मी त्यांना सांगितलं होतं की निकामी धुरांडी झाकून टाका, आणि त्या आठवड्यात लेकीकडे गेले होते. त्यांना छपरावर जी जी धुरांडी दिसली ती सगळी त्यांनी झाकली. मी आज त्यांच्या मुकादमाला जाऊन गाठलं. म्हटलं, शेजारी कारखाना दिसत होता, एकदा विचारायचं होतंत त्यांना. तो मान खाली घालून म्हणाला, "बाई, गल्लीत सगळे म्हणाले की त्या दोघांचं बोलणं नाही, उगाच मधे पडू नका. म्हटलं, आपल्याला काय करायचंय."

गल्लीने खरं तेच सांगितलं होतं.

म्हणजे गेलं वर्षभर काय चाललं होतं बघ. तू दोन ठोके देतोस. मी साखळी ओढते. झडप वीतभर वर येते आणि पत्र्याला अडते. म्हणून जड लागायची. मला वाटलं हाडं म्हातारी झाली, आणि मी मलमाच्या बाटल्या संपवल्या. तुझी वाफ वर जाते, पत्र्यावर आपटते, थंड होते, पाणी होऊन परत फिरते. त्यातलं थोडं माझ्या भिंतीत मुरतं, बाकीचं टपटप तुझ्या हंड्यात. तू बाजूला तो पंखा बसवलायस, त्यातून थोडी वाफ रस्त्यावर यायची, म्हणून जाणाऱ्या-येणाऱ्यांनाही संशय आला नाही.

बाबांचं वाक्य तुला आठवत असेल. वाफेबरोबर कोबी जातो, वाफ परत आली की कोबी परत येतो. तुला हे माझ्याइतकंच ठाऊक आहे. तरी तू व्यापारी बदललास, विहीर उपसलीस, जग पालथं घातलंस आणि वर छपराकडे पाहिलं नाहीस. काखेत कळसा, गावाला वळसा. मी दुपारभर विचार करत होते की असं कसं झालं, आणि मग लक्षात आलं. भिंतीतून तुला साखळीचा आवाज येत होता. तू ठोकायचास, साखळी खळखळायची, आणि तुझ्या हिशेबी नाक उघडलेलं असायचं. ताईने ओढली म्हणजे ओढली. मी वैतागून साखळी सोडून दिली असेल, मुद्दाम अर्धी ओढत असेन, असं तुझ्या मनाला शिवलंसुद्धा नाही. शिवलं असतं तर तू वर्षापूर्वीच शिडी लावून पाहिलं असतंस.

हे कळल्यावर मी जिन्यात बसून रडले. मोजणीवालीने तिचा रुमाल दिला, त्याला काजळी होती. आता मी पण कपाळावर काजळी घेऊन बसले आहे.

ती जाताना म्हणाली, "नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात. तुमच्याकडे वर्षभर दाबून ठेवलं तरी दोघांचीही तोंडं मिटलेली." मी तिला म्हटलं, पोरी, तू मोजायचं तेवढं मोज.

पत्रा उद्या निघेल. मुकादम स्वतः येतोय, मजुरी घेणार नाही म्हणाला. तुझ्या डोक्यावर धाडधाड आवाज येईल, घाबरू नकोस. आता माझं एक ऐक. घेणाऱ्याला महिनाअखेरीस शब्द द्यायच्या आधी एक भट्टी लाव. एकच. जुन्या व्यापाऱ्याचा सातू आण, जुनं यीस्ट कोणाकडे असेल तर मागून घे. त्यानंतरही कोबी आला तर मी तोंडातून शब्द काढणार नाही, तुझी पाटी तुला लखलाभ.

अनेक आशीर्वाद, खरोखरीचे.

ताई


२४ सप्टेंबर

चि. धाकट्या,

आशीर्वाद. काल तू ठोकलंस.

मी पहाटेपासून वळणावर खुर्ची टाकून बसले होते. विणकाम घेतलं होतं, एक टाका धड पडेना. ठोके आले आणि मी नेहमीच्या जोराने साखळीला लोंबकळले. ती इतकी हलकी झाली आहे की मी मागच्या मागे कठड्यावर आदळले. बरगडी दुखते आहे. मला तुला सांगायचं होतं म्हणून सांगते, औषध चालू आहे.

मग मी जे केलं ते या वयात करू नये. चपला न घालता तीन मजले उतरून रस्त्यावर धावले. वर पाहिलं तर नाकातून वाफ सरळ वर चालली होती, पांढरी आणि जाड. घराच्या दारात पोस्टमन पिशवी घेऊन उभा. म्हणाला, "बाई, आग लागली की काय?" मी म्हटलं, "नाही हो, माझ्या भावाची भट्टी आहे." इतक्या वर्षांत 'शेजारचा कारखाना' सोडून दुसरं काही माझ्या तोंडून निघालं नव्हतं. तो बिचारा टोपी काढून माझ्याबरोबर वर बघत राहिला.

आणि वास. धाकट्या, भाजलेल्या सातूचा गोड वास होता, मागून हॉपच्या कडू फुलांचा. मी मुद्दाम कोबी शोधला. नव्हता.

आज वहिनी भेटल्या. आम्ही भाजी घेतलीच नाही. त्या म्हणाल्या, तू घेणाऱ्याला सांगितलंस की पिंप उघडेपर्यंत थांबा. तो तणतणत गेला म्हणे, पाटी मात्र काढून नेली नाही. म्हणजे अजून सगळं टांगलेलंच आहे. आता पिंपात काय होतंय ते तीन आठवड्यांनी कळणार, तोवर तू झोपणार नाहीस आणि मीही.

म्हणून आता एक लिहिते. गेली कित्येक वर्षं तुला भिंतीच्या ओलीवर पत्रं लिहीत आले. ओल होती, पण मला ओलीबद्दल लिहायचं नव्हतं.

लेक मला किती दिवस तिकडे बोलावते आहे. खोली लावून ठेवली आहे, खिडकीत माझ्यासाठी कुंडीही. मी सबबी सांगते. गुडघे, मांजर, छपराचं काम. ती म्हणते, "आई, एवढ्या मोठ्या घरात एकटी काय करतेस?" मी तिला कधी खरं सांगितलं नाही. भट्टीचे दोन दिवस सोडून मी या घरातून कुठेही जाऊ शकते, आणि भट्टीच्या दिवशी कुठेही जाऊ शकत नाही. गेल्या वर्षी लेकीकडे राहिले तो एक आठवडा, तोही तुझा हंडा दुरुस्तीला होता म्हणून. आठवड्यातून दोनदा माझा भाऊ मला हाक मारतो, ती टाकून मी कोणाच्या कुंडीशेजारी जाऊन बसू?

आणि दुसरं. बाबांनी वाटणी केली तेव्हा मी लहान पोर घेऊन माहेरी परत आलेली होते. त्यांनी म्हटलं, हिला डोक्यावर छप्पर हवं, त्याला हाताला काम हवं. कोणी वाईट म्हणू शकणार नाही अशी वाटणी होती. पण मला छप्पर नको होतं, धाकट्या. मला हंड्याजवळ उभं राहायचं होतं. वासावरून रस झाला की नाही हे सगळ्यांत आधी मला कळायचं. बाबा खालून तीन ठोके द्यायचे, म्हणजे 'ये आणि चाख'. मी त्या दारातून खाली पळायचे, ते पळी पुढे करायचे, आणि मी हो म्हटल्याशिवाय हंड्याखालची आच कमी व्हायची नाही. ते गेल्यावर तूही द्यायचास तीन ठोके. अजून सांगते, ते माझे सगळ्यात चांगले दिवस होते.

दार बुजवलंस तेव्हा मी विटांवरून भांडले. विटांचं मला काय होतं? नियम होता, मोजणीवाली म्हणते तसं तू बरोबर होतास. मला तीन ठोके गेल्याचं दुःख होतं आणि ते मागायची लाज वाटली. पोटातलं ओठावर आलं नाही, म्हणून टपालाचं बोलून बसले.

आता मागते. विकू नकोस. तुझा हंडा मला नको, हिस्सा नको, पगार नको. चाखायला बोलाव. घरातून दार नसेना, मी रस्त्याने येईन, हात-पाय धुऊन, डोक्याला रुमाल बांधून, तपासणीवाल्यांना हवी तशी.

आणि तरी विकायचंच ठरलं, तर मी मनात काही धरणार नाही. तू थकला आहेस, तो खोकला मी रोज ऐकते. मग मी लेकीकडे जाईन आणि घराला लोखंडी खांब लावून घेईन. पण आधी विचारल्याशिवाय गेले असं व्हायला नको. आपल्या घरात न विचारता पुष्कळ झालं.

भिंत सुकते आहे. हात टेकला की कोमट लागते, लहानपणी लागायची तशी.

तुझीच,
ताई


१७ ऑक्टोबर

धाकट्या,

सकाळी खिडकीत उभी होते. तू कमानीखाली शिडी लावलीस आणि वर चढलास. वहिनी शिडी धरून होत्या, नाहीतर मी वरूनच ओरडले असते, टपाल गेलं खड्ड्यात. तू ती पाटी उतरवलीस, एकेक खिळा काढून, आणि भिंतीला उलटी टेकवून ठेवलीस. मग वर माझ्या खिडकीकडे पाहिलंस. मी पडद्यामागे झाले. मूर्खपणा केला, पण झाले.

मी स्वतःला समजावलं की रंगवायला काढली असेल. वर जाऊन भिंतीचे सुकलेले पोपडे खरवडत बसले.

आज भट्टीचा दिवस नाही. तरी ठोके आले. एक, दोन. म्हटलं, चुकला की काय हा, आज कशाला उघडायचं? हात सवयीने साखळीकडे गेला. आणि तिसरा आला.

मी साखळी धरून तशीच उभी राहिले. वाटलं कान वाजले. मग तू पुन्हा दिलेस, सावकाश, मोजून, बाबा द्यायचे तसे. एक. दोन. तीन.

तुला काही सांगायचं तर टपालाने सांगेन म्हटलं होतं, म्हणून हे लिहायला बसले. पण याला तिकीट लावत नाही. पोस्टमन दुपारी येतो, आणि पिंप उघडून ठेवलेलं असताना दुपारपर्यंत थांबायला मी काही वेडी नाही. हे माझ्या हातात घेऊन येते. रस्त्याने येते, कमानीतून, चपला घालून.

एक पेला माझ्यासाठी भर. फेस बसेपर्यंत कोणी ओठ लावायचा नाही. आणि मी आल्या आल्या बिअर कशी झाली आहे ते सांगू नकोस, ते सांगायचं काम माझं आहे.

बाकीचं तोंडाने बोलू.

निघालेच,
ताई